गरोदरपणात बीजांडकोश बिघडतो तेव्हा

दिवस राहिल्याचं कळलं की सगळ्यांचं लक्ष गर्भपिशवीकडे लागतं. ठोके आले का, वाढ तारखेप्रमाणे आहे का, वार खाली तर नाही ना, पाणी पुरेसं आहे ना. सोनोग्राफीच्या रिपोर्टात खाली कुठेतरी दोन्ही बीजांडकोशांबद्दल एखादी ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही. बीज सुटलं, फळलं, गर्भ रुजला, म्हणजे बीजांडकोशाची जबाबदारी संपली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पहिले दोन महिने गर्भ टिकतो तो बीजांडकोशाच्याच जिवावर. आणि तीन-चार सेंटीमीटरच्या या अवयवात गरोदरपणातच काही दुर्मीळ बिघाड होऊ शकतात. त्यांच्या बाबतीत दोन प्रकारच्या चुका घडतात. जिथे तास मोजायचे असतात तिथे दोन-दोन दिवस वाट पाहिली जाते. आणि जिथे नुसतं थांबायचं असतं, तिथे घाईने बीजांडकोश काढून टाकला जातो. दोन्ही टाळता येतात, आणि टाळायलाच हव्यात.

बीज ज्या फोडातून बाहेर पडतं, तो फोड नंतर वाया जात नाही. त्याच्या भिंती जाड होतात, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि काही दिवसांत तिथे एक छोटी ग्रंथी तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन तयार करते. या संप्रेरकामुळे गर्भपिशवीचं अस्तर मऊ आणि रक्ताने भरलेलं राहतं आणि पिशवी आकुंचन पावत नाही. गर्भ राहिला नाही तर ही ग्रंथी दोन आठवड्यांत सुकते आणि पाळी येते. गर्भ राहिला, तर तो रुजताच एचसीजी नावाचं संप्रेरक सोडू लागतो आणि पीतपिंडाला कामावर टिकवून धरतो. घरी लघवीची तपासणी करून दोन रेघा पाहतात, त्यांतली दुसरी याच एचसीजीमुळे उमटते.

हे कळायला बराच काळ गेला. ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्लाफमध्ये, गुस्ताव बॉर्न या शास्त्रज्ञाने पीतपिंडामुळे गर्भ टिकत असावा असा तर्क मांडला होता. तो तपासून पाहण्याआधीच १९०० साली त्यांचं निधन झालं. ते काम लुडविग फ्रेंकेल यांनी पुरं केलं. त्यांनी गाभण सशिणींचे पीतपिंड नष्ट केले आणि त्यांचे गर्भ टिकले नाहीत. १९०३ साली त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केलं. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी उलट बाजू दाखवली. पीतपिंड काढलेल्या सशिणीला त्याचाच अर्क टोचला, तर गर्भ वाचतो. माणसाच्या बाबतीतलं उत्तर मात्र १९७० च्या दशकात अर्पाड चापो यांच्या अभ्यासातून मिळालं. त्यांनी गर्भपात करून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. सातव्या आठवड्याच्या आत पीतपिंड काढला तर गर्भ पडत होता. नवव्या आठवड्यानंतर काढला तरी गर्भारपण चालू राहत होतं. मधल्या दोन आठवड्यांत वार हळूहळू हे काम आपल्याकडे घेते.

या अभ्यासाचा उपयोग आजही रोज होतो. पहिल्या अडीच महिन्यांत काही कारणाने बीजांडकोशाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि पीतपिंड काढावा लागला, तर डॉक्टर लगेच बाहेरून प्रोजेस्टेरॉन सुरू करतात. दहा आठवडे उलटले की त्याची गरज सहसा उरत नाही.

पीतपिंड कधी कधी पाण्याने किंवा थोड्या रक्ताने भरून फुगतो. पहिल्या सोनोग्राफीत ‘उजव्या ओव्हरीत सिस्ट’ असं लिहून येतं आणि घरात चिंता पसरते. ही गाठ बहुतेक वेळा हाच फुगलेला पीतपिंड असतो. पातळ भिंतीची, नुसत्या पाण्याची, पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकदा आपोआप जिरते. तिला औषध लागत नाही, काढा लागत नाही, पुन्हा एक सोनोग्राफी पुरते. जी जिरत नाही, त्यात बऱ्याचदा डर्मॉइड नावाची गाठ निघते. तिच्यात चरबी आणि केस असतात, कधी दातही सापडतो. ऐकायला भयंकर वाटलं तरी ती जवळजवळ नेहमीच साधी असते. गाठ मोठी असेल, वाढत असेल किंवा तिच्यात घट्ट भाग दिसत असेल, तर चौथ्या-पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया करतात. तोपर्यंत वारेने काम हाती घेतलेलं असतं आणि पिशवी अजून फार मोठी झालेली नसते.

कर्करोगाची भीती इथे सगळ्यांच्याच मनात येते. गरोदरपणात सापडलेल्या गाठींपैकी फार थोड्या कर्करोगाच्या निघतात, आणि त्याही बऱ्याचदा लवकरच्या टप्प्यावर असतात, कारण त्या सोनोग्राफीत योगायोगाने दिसलेल्या असतात. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. सीए १२५ ही रक्ततपासणी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तशीही वाढलेली येऊ शकते. केवळ त्या आकड्यावरून कुणाला कर्करोगाची धास्ती घालणं योग्य नाही.

आता त्या बिघाडाकडे येऊ, जिथे खरोखर वेळ महत्त्वाचा असतो: बीजांडकोशाला पीळ बसणं.

बीजांडकोश दोन बंधांवर लटकलेला असतो. एक त्याला गर्भपिशवीशी जोडतो, दुसरा ओटीपोटाच्या भिंतीशी. मुख्य रक्तवाहिन्या या दुसऱ्या बंधातून येतात. बीजांडकोशात गाठ होऊन तो जड झाला की या बंधांभोवती तो फिरू शकतो, बऱ्याचदा शेजारच्या नलिकेसकट. गरोदरपणात याची शक्यता वाढते, कारण पीतपिंडाने त्याचं वजन वाढवलेलं असतं आणि वाढती पिशवी त्याला ओटीपोटातल्या अडचणीच्या जागेतून वर मोकळ्यावर उचलते. म्हणून हे पीळ मुख्यतः पहिल्या तिमाहीत आणि दुसरीच्या सुरुवातीला बसतात. क्वचित बाळंतपणानंतर, पिशवी झपाट्याने आक्रसते तेव्हाही. उजव्या बाजूला प्रमाण जास्त असतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचं वळण जागा अडवून बसलेलं असतं. दहा हजार गरोदर स्त्रियांमागे एक ते पाच जणींना असं होतं. आकडा लहान आहे, पण महाराष्ट्रात दरवर्षी लाखो बाळंतपणं होतात हे लक्षात घेतलं, तर या बायका मोजक्या राहत नाहीत.

पीळ बसला की पहिल्यांदा शिरा दबतात, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. धमन्या जाड भिंतीच्या आणि दाबाच्या असल्याने त्यांतून रक्त आत येतच राहतं. मोरी तुंबलेली आणि नळ चालू, अशी अवस्था होते. बीजांडकोश सुजत जातो, निळा पडतो, मग काळसर होतो, आणि शेवटी आत येणारं रक्तही थांबतं. ही क्रमवारी समजून घेतली, तर एक फसवी गोष्ट कळते. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही, असं म्हणता येत नाही. धमनीतलं रक्त अजून वाहत असू शकतं. अनुभवी सोनोलॉजिस्ट म्हणूनच रंगीत ठिपक्यांवर विसंबत नाहीत. एक बीजांडकोश दुसऱ्यापेक्षा फार मोठा आहे का, त्यातली बारीक पुटकं कडेला ढकलली गेली आहेत का, देठापाशी भोवऱ्यासारखा आकार दिसतो का, हे पाहतात. आणि सगळ्यात जास्त महत्त्व बाईच्या सांगण्याला देतात.

ती काय सांगते? अचानक, एका बाजूला, ओटीपोटात जोराची कळ आली. मग थोडी ओसरली, पुन्हा आली. कळेबरोबर उलटी. आणि नेमकं इथेच घात होतो. तिसऱ्या महिन्यातल्या बाईला उलटी झाली तर घरात कुणाला नवल वाटत नाही. पोटात दुखलं तर गॅस, पित्त, रात्री उशिरा जेवण, काहीतरी कारण सापडतंच. ओवा-सोडा दिला जातो. कळ मध्येच थांबते तेव्हा उतार पडल्यासारखं वाटतं, पण तो पीळ थोडा सैल झाल्याचा किंवा आतला भाग मरत चालल्याचा परिणाम असू शकतो. गरोदरपणातली मळमळ दिवसभर असते, तिच्याबरोबर एका बाजूची कळ नसते. हा एवढा फरक घरच्यांनी लक्षात ठेवला तरी पुष्कळ आहे. उजव्या बाजूच्या अशा दुखण्यात अपेंडिक्सही असू शकतो, मूतखडाही असू शकतो. ते ठरवायचं काम दवाखान्याचं, घरातल्या अनुभवी बाईचं नाही.

शस्त्रक्रिया बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते. पोटावरच्या एक-दीड सेंटीमीटरच्या छेदातून कॅमेरा आत जातो. पडद्यावर गुलाबी पिशवी दिसते आणि तिच्या बाजूला जांभळट-काळा, ताणलेला, चमकणारा बीजांडकोश. सर्जन दोन बोथट चिमट्यांनी त्याला हलक्या हाताने उलटा फिरवतो, एक वेढा, दोन वेढे, कधी तीन. मग थांबतो आणि पाहतो. काही वेळा मिनिटांत काठाला लालसर छटा येते, काही वेळा काहीच बदल दिसत नाही. पूर्वीच्या काळी असा काळा अवयव पाहिला की तो न सोडवताच काढून टाकत. पीळ सोडवला तर आतल्या गुठळ्या सुटून फुप्फुसात जातील, अशी भीती होती. ती भीती निराधार ठरली आहे. काळे दिसणारे बहुसंख्य बीजांडकोश पीळ सोडवल्यावर जगतात आणि पुढे काम करतात, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलीचा बीजांडकोश केवळ रंगावरून काढून टाकणं आता समर्थनीय राहिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेआधी तिने आणि तिच्या घरच्यांनी ‘शक्य असेल तर ओव्हरी वाचवा’ असं डॉक्टरांना सांगायला काहीच हरकत नाही.

टेस्ट ट्यूब पद्धतीने दिवस राहिलेल्या स्त्रियांमध्ये पिळाचा धोका अनेक पटींनी जास्त असतो. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्यानंतर हे उपचार जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. त्यात एरवी महिन्याला एक तयार होणारं बीज इंजेक्शनं देऊन एकदम दहा-पंधरांच्या संख्येने तयार करतात. काही जणींच्या बीजांडकोशांचा प्रतिसाद हाताबाहेर जातो. विशेषतः ज्यांना आधीपासून पीसीओडी आहे त्यांचा. दोन्ही बीजांडकोश दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत फुगतात, त्यांतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत साचतं. रक्त दाट होतं, लघवी कमी होते, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. गर्भ राहिला तर हे आणखी चिघळतं, कारण गर्भाचं एचसीजी बीजांडकोशांना आणखी चेतवत राहतं. पोट एकाएकी फुगणं, दिवसाला किलोभर वजन वाढणं, आडवं पडलं की धाप लागणं ही त्याची लक्षणं. आता बीजं पक्व करायला वेगळं इंजेक्शन वापरून आणि सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडून हा प्रकार बऱ्याच अंशी टाळता येतो. उपचार सुरू करण्यापूर्वी याविषयी विचारणं हा जोडप्याचा हक्क आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्याकडे टेस्ट ट्यूबचे उपचार चारचौघांत लपवतात. नातेवाइकांपासून लपवणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण रात्री दोन वाजता पोटात कळ आली आणि जवळच्या दवाखान्यात नेलं, तर सासूबाई शेजारी उभ्या आहेत म्हणून तिथल्या डॉक्टरांपासून ही माहिती दडवू नका. त्या एका वाक्यावर निदानाची दिशा बदलते.

आणखी एक विरळ प्रकार म्हणजे गर्भ बीजांडकोशातच रुजणं. शंभर गर्भधारणांत एक-दोन पिशवीबाहेर रुजतात, बहुतेक नलिकेत. अशा शंभरांत फार तर तीन बीजांडकोशात असतात. हे नक्की कसं ओळखायचं याचे चार निकष ओटो स्पीगेलबर्ग यांनी १८७८ साली घालून दिले. नलिका शाबूत हवी, गर्भाची थैली बीजांडकोशाच्या जागी हवी, ती बंधाने गर्भपिशवीशी जोडलेली हवी आणि थैलीच्या भिंतीत बीजांडकोशाच्या पेशी सापडायला हव्यात. स्पीगेलबर्गही त्याच ब्रेस्लाऊचे. हे निकष अजून वापरात आहेत, पण शेवटचा निकष शस्त्रक्रियेनंतरच तपासता येतो, त्यामुळे आधी पक्कं निदान होणं कठीण जातं. सोनोग्राफीत ही थैली पीतपिंडासारखीच दिसू शकते.

तांबी बसवलेल्या स्त्रियांमध्ये हा प्रकार तुलनेने जास्त नोंदला गेला आहे. तांबी पिशवीतली गर्भधारणा जवळपास पूर्णपणे रोखते, नलिकेतलीही बऱ्याच अंशी रोखते, पण बीजांडकोशापर्यंत तिचा प्रभाव पोचत नाही. याचा अर्थ तांबी वाईट असा बिलकुल नाही. तांबी असताना पिशवीबाहेर गर्भ राहण्याचा एकूण धोका काहीच न वापरणाऱ्या बाईपेक्षा कमीच असतो. अर्थ एवढाच की तांबी असताना पाळी चुकली आणि तपासणीत दोन रेघा आल्या, तर गर्भ कुठे आहे ते लगेच पाहून घ्यावं. बीजांडकोश रक्ताने समृद्ध असतो. तिथली थैली फुटली तर पोटात झपाट्याने रक्त साचतं. चक्कर येते, घाम फुटतो, आणि आडवं पडल्यावर खांदा दुखतो, कारण रक्त वर सरकून श्वासपटलाला डिवचतं. खांदेदुखीचा पोटाशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून हे लक्षण मुद्दाम लिहितो आहे. वेळेत पोचलं तर दुर्बिणीतून तेवढा भाग काढून उरलेला बीजांडकोश राखता येतो.

दुसऱ्या चुकीचं, म्हणजे घाईचं, सगळ्यात बोलकं उदाहरण ल्युटिओमाचं आहे. १९६३ साली स्टर्नबर्ग यांनी गरोदरपणातल्या या गाठींचं वर्णन केलं. वैद्यकीय साहित्यात त्यांच्या नोंदी अगदी थोड्या आहेत. बहुतेकदा काहीच त्रास नसतो. सिझेरियन चालू असतं, बाळ बाहेर आलेलं असतं, पिशवी शिवताना डॉक्टरांची नजर बाजूला जाते आणि बीजांडकोशावर लालसर-तपकिरी, भरीव, मऊसर गाठी दिसतात. कधी दोन्ही बाजूंना. आकार सहा सेंटीमीटरपासून वीसपर्यंत. पाहणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो कर्करोग. पण या गाठी गरोदरपणाच्या संप्रेरकांमुळे वाढलेल्या साध्या पेशींच्या असतात आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप आक्रसून नाहीशा होतात. अशा वेळी छोटा तुकडा तपासायला पाठवून पोट बंद करणं पुरतं. हे ठाऊक नसल्यामुळे तरुण बायकांचे दोन्ही बीजांडकोश काढले गेल्याच्या घटना घडल्या आहेत. त्याने पस्तिशीच्या आत पाळी कायमची जाते.

ल्युटिओमा काही जणींमध्ये पुरुषी संप्रेरकं तयार करतो. साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास स्त्रियांना हनुवटीवर राठ केस येतात, मुरमं येतात, आवाज घोगरा होतो. गरोदरपणात अंगावर थोडी लव वाढणं, गालावर वांग उठणं हे नेहमीचंच. आवाज बदलणं नेहमीचं नाही, ते डॉक्टरांना सांगायला हवं. पोटातल्या बाळाचं रक्षण वार करते, ती ही संप्रेरकं बदलून निरुपद्रवी करते. तरीही आईत असे बदल झालेले असतील आणि बाळ मुलगी असेल, तर तिच्या बाह्य जननेंद्रियांवर परिणाम झालेला दिसू शकतो. अशा बाळाची नीट तपासणी करून घ्यायची, आईला दोष द्यायचा नाही. याच्या जवळचा आणखी एक प्रकार जुळ्यांच्या वेळी किंवा द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्याच पेशींच्या पुटकुळ्या वाढतात तेव्हा, दिसतो. दोन्ही बीजांडकोश अनेक पाण्याच्या पुटकुळ्यांनी भरतात. तेही बाळंतपणानंतर किंवा द्राक्षगर्भ काढल्यावर आपोआप पूर्ववत होतात.

तपासण्यांबद्दलचे गैरसमज उशिराला हातभार लावतात. आतून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडत नाही. एमआरआय गरज असेल तेव्हा गरोदरपणात करता येतो, फक्त त्यातलं रंगद्रव्याचं इंजेक्शन टाळतात. गरोदरपणात भूल देता येते आणि दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते. पीळ बसलेला किंवा रक्तस्राव होत असलेला बीजांडकोश तसाच ठेवण्याचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी जास्त असतो.

म्हणून विनंती एवढीच. पहिल्या सोनोग्राफीला जाल तेव्हा गर्भाबरोबर दोन्ही बीजांडकोशही पाहिलेत का, असं विचारा आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. गरोदर बाईला ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ, सोबत उलटी, चक्कर किंवा खांदेदुखी यांपैकी काहीही झालं, तर सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका चोवीस तास आणि मोफत आहे.